औषध म्हणविले जाणारे विष : खते, कीटकनाशके आणि फवारणाऱ्याचा जीव

आपल्या मराठी बोलण्यात ‘औषध’ हा शब्द दोन ठिकाणी विपरीत अर्थाने येतो. ‘पऱ्हाटीवर औषध मारले’ असे शेतकरी सांगतो, तेव्हा त्याने पिकावरील कीड मारण्यासाठी विष फवारलेले असते. ‘त्याने औषध घेतले’ असे गावात खालच्या आवाजात सांगितले जाते, तेव्हा कोणाच्या तरी घरातील कर्ता माणूस गेलेला असतो. दोन्ही वेळी डबा तोच असतो आणि द्रवही तोच असतो. जे बरे करते ते औषध, हा या शब्दाचा मूळ अर्थ. परंतु शेतीत तो अशा पदार्थाला चिकटला की ज्याचा उपयोगच मुळी जीव घेण्यासाठी आहे. शब्दामुळे भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की काळजीही कमी होते.

प्रस्तुत लेखात रासायनिक खते आणि कीटकनाशके पिकांच्या रक्षणासाठी नेमके काय करतात, त्यांची मर्यादा कोठे आहे, आणि त्यांची किंमत शेवटी कोणाच्या शरीरातून वसूल होते, हे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या अनेक मुलामुलींचे आईवडील शेतमजूर किंवा अल्पभूधारक आहेत. त्यांच्या दृष्टीने हा विषय कृषी महाविद्यालयाच्या पुस्तकातला नाही. तो घरातल्या कोपऱ्यात ठेवलेल्या पंपाचा विषय आहे.

अन्न आणि विष यांतील फरक

पहिली गोष्ट अशी की, खत आणि कीटकनाशक या एका जातीच्या वस्तू नव्हेत. कृषी सेवा केंद्रात ती शेजारी-शेजारी विकली जातात, एकाच पावतीवर लिहिली जातात, म्हणून सर्वसामान्य माणूस दोन्हींना ‘केमिकल’ या एकाच नावाने ओळखतो. परंतु खत हे पिकाचे अन्न आहे. वनस्पतीला वाढीसाठी सतरा मूलद्रव्ये लागतात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ती हवा-पाण्यातून घेते. उरलेली प्रामुख्याने जमिनीतून घ्यावी लागतात. त्यांत नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन सर्वाधिक प्रमाणात लागतात. नत्रामुळे पाने व फांद्या वाढतात, स्फुरदामुळे मुळे व फुले धरतात, आणि पालाशामुळे खोड मजबूत होऊन रोग, कीड व पाण्याचा ताण सहन करण्याची शक्ती येते.

कीटकनाशक यांपैकी काहीही करीत नाही. ते पिकाला काही देत नाही. पिकावर जगणाऱ्या दुसऱ्या जीवाला मारते. जगभरात दरवर्षी पिकांच्या उत्पादनापैकी सुमारे ४० टक्क्यांपर्यंतचा भाग कीड व रोगांमुळे नष्ट होतो, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे पीकसंरक्षणाची गरज खोटी नाही. मात्र अन्न जास्त झाले तर अपचन होते आणि विष जास्त झाले तर मरण येते, हा फरक डोळ्यांआड होता कामा नये.

वाशीत राहणाऱ्यांना खताचा कारखाना दूर नाही. खाडीपूल ओलांडून मानखुर्दच्या बाजूला गेले की ट्रॉम्बे लागते. तेथील खत प्रकल्पात १९६५ साली उत्पादन सुरू झाले आणि १९७८ साली त्यातून राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी उभी राहिली. ‘सुफला १५:१५:१५’ हे नाव महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. त्या तीन आकड्यांचा अर्थ मात्र पुष्कळांना कोणी सांगितलेला नसतो. शंभर किलो खतात नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी पंधरा किलो, एवढाच तो अर्थ आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि दुसरे काहीही नसते. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीतून जमिनीला सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र मिळते. स्फुरद शून्य, पालाश शून्य. प्राथमिक शाळेतील शेकडेवारीचे हे गणित आहे, आणि ते येणारा मुलगा घरात असेल तर बापाची फसवणूक होणे कठीण जाते.

इतिहास काय सांगतो

महाराष्ट्रात जमिनीच्या कसाचा प्रश्न सामाजिक प्रश्न म्हणून प्रथम मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी डोंगरावरून पावसाबरोबर वाहून येणारे पालापाचोळ्याचे सत्त्व शेतात मुरावे म्हणून जागोजागी बंधारे घालण्याची सूचना केली आहे. जंगल खात्याने गायराने बंद केल्यामुळे शेतकऱ्याची जनावरे कमी झाली, हेही त्यांनी दाखवून दिले. जनावरे गेली म्हणजे शेणखत गेले. कस जाणे ही निसर्गाची लहर नसून धोरणाचा परिणाम असतो, हे फुल्यांनी तेव्हाच ओळखले होते.

त्याच काळात युरोपात जमिनीचे रसायनशास्त्र आकार घेत होते. पुढे १९०९ साली फ्रिट्झ हेबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखविला, कार्ल बॉश याने त्याचे कारखान्यात रूपांतर केले, आणि १९१३ पासून कृत्रिम नत्रखताचे युग सुरू झाले. आजच्या जगातील फार मोठ्या लोकसंख्येचे अन्न याच शोधावर उभे आहे. परंतु याच हेबरच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे शत्रुसैन्यावर क्लोरीन वायू सोडण्यात आला. भाकरी देणारे ज्ञान आणि गुदमरवून मारणारे ज्ञान एकाच माणसाच्या हातून बाहेर पडले.

कीटकनाशकांचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ नवीन कीटकनाशकाचा शोध घेत होता. त्या प्रयत्नांत त्याच्या हाती ‘टाबुन’ लागले. ते कीटकांनाच नव्हे तर माणसांनाही क्षणात मारू शकते हे लक्षात आल्यावर जर्मन लष्कराने ते युद्धासाठी ताब्यात घेतले. टाबुन हा मज्जासंस्थेवर आघात करणारा विषारी वायू ज्या ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातला आहे, त्याच कुळातील सौम्य भावंडे म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके होत. ‘सौम्य’ हा शब्द येथे केवळ तुलनेने वापरावयाचा आहे.

स्वतंत्र भारतात अन्नटंचाईची धास्ती खरी होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती, सिंद्रीचा खत कारखाना १९५१ साली सुरू झाला, साठच्या दशकाच्या मध्यास संकरित व बुटक्या वाणांची हरितक्रांती आली, आणि महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ सोसला. त्या परिस्थितीत खते व कीटकनाशके यांचा स्वीकार करणाऱ्या पिढीला आज दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोष आहे तो वेगळ्या ठिकाणी. वस्तू खेड्यात पोहोचल्या. त्या वस्तूंविषयीचे ज्ञान मात्र त्याच वेगाने पोहोचले नाही.

जास्त खत म्हणजे कमी संरक्षण

खत आणि कीड यांचा एक संबंध शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे असूनही तो फारसा सांगितला जात नाही. युरिया इतर खतांच्या मानाने स्वस्त आहे. २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण आले. युरिया मात्र त्यातून बाहेर राहिला व त्याची किंमत नियंत्रितच राहिली. परिणामी शेतकऱ्याचा हात स्वाभाविकपणे युरियाच्या गोणीकडे जातो. युरिया टाकल्यावर आठ दिवसांत पीक हिरवेगार दिसते, म्हणून समाधानही मिळते.

परंतु नत्र प्रमाणाबाहेर गेले की पाने लुसलुशीत व रसदार होतात, पेशींच्या भिंती पातळ राहतात, आणि मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना आयती मेजवानी मिळते. झाड उंच व दाट वाढते, आत हवा खेळत नाही, बुरशी धरते. मग फवारणी वाढते. फवारणीत मित्रकीटकही मरतात, म्हणून पुढची फवारणी आणखी लवकर करावी लागते. एका गोणीच्या जागी दोन गोण्या टाकणारा शेतकरी नकळत पुढच्या डब्याचाही खर्च ओढवून घेत असतो. शिवाय टाकलेल्या नत्रापैकी बऱ्याचदा निम्म्याहून कमी पिकाला मिळते. उरलेले हवेत उडते किंवा पाण्याबरोबर विहिरीत उतरते.

म्हणून खतांची पीकसंरक्षणातील खरी भूमिका ‘अधिक’ यात नसून ‘समतोल’ यात आहे. मातीपरीक्षण करून आवश्यक तेवढेच नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे, पालाश वगळू नये, आणि जेथे मिळेल तेथे शेणखत, कंपोस्ट किंवा हिरवळीचे खत द्यावे, म्हणजे झाड स्वतःच्या बळावर पुष्कळशी कीड सहन करते. २०१५ पासून देशात मृद आरोग्य पत्रिकेची योजना आहे. पत्रिका अनेकांच्या घरी ट्रंकेत पडून असते. ती बाहेर काढून वाचणे, हे पीकसंरक्षणाचे पहिले पाऊल होय.

यवतमाळ, २०१७

आता त्या वर्षाकडे वळू, ज्या वर्षाने हा विषय महाराष्ट्राला विसरता येणार नाही अशा रीतीने शिकविला. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर एकामागून एक सरकारी रुग्णालयात दाखल होऊ लागले. उलट्या, अंधुक दिसणे, श्वास लागणे, बेशुद्धी. वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो बाधित झाली. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतूनही मृत्यूंच्या बातम्या आल्या. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली.

हे त्याच वर्षी का घडले? कारणे अनेक होती व ती एकमेकांत गुंतलेली होती. बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीसाठी करावयाच्या फवारण्या कमी झाल्या होत्या. परंतु रस शोषणाऱ्या किडींवर या बियाण्याचा काहीच परिणाम होत नाही. आणि काही वर्षांत गुलाबी बोंडअळीनेही त्याला दाद देणे सोडले. २०१७ मध्ये तिचा उद्रेक झाला. त्या हंगामात कपाशी दाट व माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. खाली झुकून फवारावयाचे पीक डोक्यावर गेल्यामुळे नोझल वर धरावे लागले, आणि विषाचे तुषार फवारणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर व डोळ्यांत परत येऊ लागले. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांनी तुषार अधिक बारीक व वेग अधिक झाला. दोन-तीन कीटकनाशके आणि वाढीची टॉनिके एकत्र करून मारण्याची सवय होती. उकाडा असा की अंगावर पूर्ण कपडे ठेवणे नकोसे व्हावे.

याहून महत्त्वाचे कारण सामाजिक आहे. पाठीवर पंप घेणारा माणूस बहुधा शेताचा मालक नसतो. तो रोजंदारीवरचा मजूर, सालगडी किंवा दुसऱ्याची जमीन ठोक्याने करणारा असतो. तो पुष्कळदा दलित, आदिवासी किंवा भटक्या समाजातील असतो. अनेक ठिकाणी मजुरी पंपाच्या हिशेबाने मिळते. जितके पंप, तितके पैसे. म्हणून वारा सुटला तरी थांबणे परवडत नाही. डबा दुकानदाराने निवडलेला, शेतमालकाने विकत घेतलेला आणि मजुराच्या हाती सोपविलेला असतो. त्या डब्यावर काय लिहिले आहे हे निवडणाऱ्याला ठाऊक असते, फवारणाऱ्याला नसते. घरातील स्त्री पाणी वाहून आणते, द्रावण कालविण्यास मदत करते, आणि संध्याकाळी तेच विषाने भिजलेले कपडे हातांनी धुते. तिचे नाव कोणत्याही नोंदीत सहसा येत नाही.

विष शरीरात काय करते

आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूंना संदेश देतात, तेव्हा ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य बाहेर पडते. संदेश पोहोचला की एक विकर त्या द्रव्याचा निचरा करते व स्नायू सैल होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातील कीटकनाशक या विकरालाच बांधून टाकते. संदेश थांबतच नाही. म्हणून बाहुल्या बारीक होतात, लाळ व घाम वाहू लागतो, पोटात मुरडा येतो, स्नायू फडफडतात, आणि अखेरीस श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात. किडीचे मरण असेच होते. माणसाचेही असेच होते.

विष पोटात जावेच लागते असे नाही. ते त्वचेतून शिरते. घामाने उघडलेली छिद्रे, गळक्या पंपामुळे भिजलेली पाठ, उघडे तळवे, तंबाखू मळताना ओठाशी गेलेला हात, एवढे पुरेसे असते. मळमळ, डोकेदुखी, अंधारी ही लक्षणे फवारणाऱ्याला ‘ऊन लागले’ असे वाटतात आणि तो सावलीत थोडा बसून पुन्हा पंप उचलतो. येथेच घात होतो.

अशा वेळी काय करावे? माणसाला ताबडतोब शेतातून बाहेर काढावे, अंगावरचे कपडे उतरवावेत, भरपूर पाण्याने व साबणाने अंग व केस धुवावेत, डोळे स्वच्छ पाण्याने धुवावेत. काम करणाऱ्याने स्वतःच्या हातालाही विष लागणार नाही याची काळजी घ्यावी. दूध, तूप, दारू असे काहीही पाजू नये; बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नये. घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे, आणि कीटकनाशकाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर न्यावे. ॲट्रोपिन हे इंजेक्शन ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर उपयोगी पडते, पण प्रत्येक कीटकनाशकावर एकच उतारा नसतो. म्हणून डॉक्टरांना नाव कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

डब्यावरील त्रिकोण

कीटकनाशकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आपल्या देशात १९६८ साली झाला. त्यामागे १९५८ मधील केरळची दुर्घटना होती. वाहतुकीत पॅराथिऑन सांडून विषारी झालेल्या गव्हाच्या पिठामुळे तेथे शंभराहून अधिक माणसे मेली होती. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे व उपकरणे द्यावीत, प्रथमोपचाराची सोय असावी, अशा तरतुदी आहेत. कायदा आहे, पण तो शेतमजुराला ठाऊक नाही आणि शेताच्या बांधावर तो अमलात आणणारे कोणी उभे नसते.

प्रत्येक डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे तुलनेने कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज चुकीचा आहे. तेथेही सावधगिरीची सूचना असतेच. हा रंग निरक्षर माणसालाही कळावा अशी योजना आहे. मात्र रंगाचा अर्थ कोणी तरी एकदा सांगावा लागतो. त्रिकोणाशिवाय डब्यात माहितीपत्रक असते. त्यावर पीक, कीड, प्रमाण, उतारा आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस पीक तोडू नये तो प्रतीक्षाकाळ दिलेला असतो. अक्षर इतके बारीक असते की शिकलेल्यालाही चष्मा लावावा लागतो.

फवारणीचे मुख्य नियम पुढीलप्रमाणे सांगता येतील. वाऱ्याच्या दिशेने चालावे, वाऱ्याविरुद्ध कधीही नाही. सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे, भर उन्हात नाही. उपाशी पोटी फवारू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क आणि पायांत बूट असावेत. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. लेबलवर सांगितले नसेल तर दोन कीटकनाशके एकत्र करू नयेत. रिकामा डबा घरात पाण्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये. लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना या कामापासून पूर्णपणे दूर ठेवावे.

वाशीचा बाजार आणि दोन प्रकारची काळजी

शेतातील हे विष बाजारात कोठपर्यंत येते, याचा विचार वाशीकरांनी करावयास हवा. मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने येथे हलविण्यात आले; फळे व भाजीपाला १९९६ साली आला. नाशिक, पुणे, सातारा, जुन्नरकडून रात्रभर चालून आलेले ट्रक पहाटे येथे रिकामे होतात आणि सकाळी तीच भाजी मुंबईच्या घराघरांत जाते.

परदेशी जाणाऱ्या मालाची गोष्ट निराळी असते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्याने युरोपात महाराष्ट्राची द्राक्षे अडविली गेली आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी अधिक कडक झाली. पेटीवरील क्रमांकावरून ती कोणत्या बागेतून आली हे शोधता येते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने हापूस आंब्याची आयात थांबविली व ती बंदी पुढील वर्षी उठविली. अशा निर्यातीसाठी फळांवर प्रक्रिया करणाऱ्या पणन मंडळाच्या सुविधा याच वाशीत आहेत.

यातून एक गोष्ट सिद्ध होते. तपासणी अशक्य नाही. ग्राहकाची किंमत मोठी असली की ती होते. पण दादरच्या मंडईत जाणाऱ्या वांग्याच्या पोत्यावर तसा क्रमांक नसतो. आणि त्या वांग्यावर फवारणाऱ्या मजुराची तपासणी तर कोठेच होत नाही. युरोपातील खाणाऱ्याच्या पोटाची एक काळजी, मुंबईतील खाणाऱ्याच्या पोटाची दुसरी, आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसांची काहीच नाही, अशी ही उतरंड आहे. उतरंड म्हणजे काय हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

घरच्या पातळीवर भाजी वाहत्या पाण्याने चोळून धुणे, मिठाच्या पाण्यात ठेवून पुन्हा धुणे, कोबीची वरची पाने काढणे, शक्य तेथे साल काढणे, एवढे करता येते. त्याने वरचा अंश कमी होतो. आत शोषलेले विष जात नाही. खरी दुरुस्ती शेतातच व्हावी लागते.

मधला मार्ग

‘सर्व रसायने बंद करा’ हा उपाय ऐकावयास सोपा आहे. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे व चहाचे उत्पादन घसरले आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. ज्याच्याकडे जनावर नाही, गोठा नाही, पुरेशी जमीन नाही, त्याला ‘शेणखत वापर’ असे सांगणे म्हणजे त्याच्या दारिद्र्यालाच दोष देणे होय.

दुसरे टोकही तितकेच चुकीचे आहे. या दोहोंमध्ये एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा मार्ग आहे. किडीचे निरीक्षण आधी आणि विष सर्वांत शेवटी, हे त्याचे सूत्र. कपाशीत कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत; एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांसाठी शेतात थांबे, बीटी बियाण्याभोवती आश्रय पीक, आणि डिसेंबरनंतर फरदड न ठेवणे, यांनी गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तुटते. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण घालून शंभर लिटर केले की पाच टक्क्यांचा अर्क तयार होतो. निंबोळ्या वेचण्यास पैसे लागत नाहीत. त्या जूनपूर्वी वेचून वाळविण्याचे लक्षात ठेवावे लागते.

हे केवळ कागदावरचे नाही. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्राने २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या निरीक्षणांवरून सल्ला देण्याची ती पद्धत आहे. असा सल्ला मजुराच्या कानापर्यंत पोहोचला पाहिजे, एवढेच मागणे आहे.

जबाबदारी कोणाची

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्यावर लावावयाची अवजारे, भांडवल व श्रम किती आहेत यावरून ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात शेतीला राज्याचा उद्योग मानून सामूहिक शेतांना पाणी, जनावरे, अवजारे, खत व बियाणे पुरविण्याची जबाबदारी त्यांनी राज्यावर टाकली. खत हा शब्द तेथे स्पष्टपणे आलेला आहे. म्हणजे खत हे दुकानदाराच्या मर्जीवर सोडण्याची वस्तू नाही, असे त्यांचे मत होते. आज पुरवठा बाजाराकडे गेला, सल्लाही बाजाराकडे गेला, आणि जो विकतो तोच किती मारावयाचे हे सांगतो.

तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. याचा अर्थ कृषी सेवा केंद्र चालविणारा प्रत्येक जण दोषी आहे, असा नव्हे. विष विष म्हणून न सांगता विकणे मात्र सम्यक आजीविकेत बसत नाही. आपल्या समाजातील जे तरुण कृषी पदवी घेऊन या व्यवसायात आले आहेत, त्यांनी डबा देताना त्रिकोण दाखवावा, प्रतीक्षाकाळ सांगावा, हातमोजे घेतल्याशिवाय लाल-पिवळ्या त्रिकोणाचा डबा देऊ नये.

आपल्या माजी विद्यार्थ्यांना शेवटी काही विनंत्या कराव्याशा वाटतात. गावी गेल्यावर घरातील आणि शेजारच्या घरातील डबे बाहेर काढून त्यांवरील माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवावे. डबे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी, धान्य आणि चूल यांपासून दूर ठेवावेत. बौद्ध विहारात पावसाळ्यापूर्वी एक दिवस कृषी सहायक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना बोलवावे, आणि त्या बैठकीत पंप उचलणाऱ्यांना व त्यांचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांना पुढे बसवावे. मजुरी ठरविताना हातमोजे, चष्मा व मास्क मालकाकडून मागावेत. ती भीक नसून नियमातील हक्क आहे. आणि ज्याला जगण्याचा कंटाळा आला आहे असे बोलण्यातून जाणवते, त्याच्या घरातील डबा आधी हलवावा व त्याच्याशी बोलावे.

यापुढे शाळेत आणि घरात या पदार्थाला ‘औषध’ न म्हणता ‘विष’ म्हणण्याची सवय मुलांना लावावी. नाव बदलल्याने विषाचा गुणधर्म बदलणार नाही. पण पंप पाठीवर घेण्यापूर्वी हातमोजे शोधणारा हात मात्र त्या नावाने तयार होईल.